वाचकांचे प्रश्न : ट्रेल रेसमध्ये घड्याळाच्या भरवशावर वाट सापडते का?

थंडी जवळ आली की रेसचे प्रश्न वाढायला लागतात, आणि या वेळच्या पत्रांत सगळ्यांच्याच मनात जीपीएस घड्याळ दिसतंय. पहिला प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतलाय, कारण त्यात जे विचारलंय त्यावर डोंगरातून सुखरूप खाली येणं अवलंबून असतं. बाकीचे त्यामानाने थोडक्यात.

प्रश्न : नमस्कार ताई, रोडवर माझ्या हाफ मॅरेथॉन झाल्यात, आता डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातली पन्नासेक किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब रेस) करायची आहे. आयोजकांनी मार्गाची जीपीएक्स फाइल दिलीये, ती घड्याळात टाकली, पण पुढे काय ते कळत नाही. मित्र म्हणतात काही विचार करायचा नाही, रेघ दिसते ती धरून पळत सुटायचं. स्टार्ट पहाटे अंधारात आहे आणि खरं सांगायचं तर वाट चुकायची भीती वाटते. (वाचक, सिंहगड रोड, पुणे)

उत्तर : भीती वाटतेय ते चांगलंय, ती राहू द्या. मित्रांचं म्हणणं मात्र बाजूला ठेवा. घड्याळात दिसते ती रेघ म्हणजे वाट नाही. कुणीतरी आधी पळून रेकॉर्ड केलेले, नाहीतर घरी कॉम्प्युटरवर बसून टाकलेले बिंदू जोडून ती रेघ झालेली असते, आणि घड्याळ फक्त एवढंच सांगतं की त्या रेघेपासून तुम्ही किती लांब आहात. पायाखाली गवत आहे, कातळ आहे की पुढे कडा तुटलाय, त्याला काही पत्ता नसतो.

म्हणून निम्मं काम घरीच करायचं. फाइल सॅटेलाइट नकाशावर उघडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश बघत जा, तासभर गेला तरी जाऊ दे. आधी बघायचं की रेघ कुठे कोपरे कापतेय का. फाइल हलकी करायला बऱ्याचदा बिंदू कमी केलेले असतात, आणि वळणावळणाच्या वाटेवर दोन बिंदूंमध्ये १५०-२०० मीटरचं अंतर पडलं की रेघ वळण सोडून सरळ दरीवरून जाते, घड्याळातही ती तशीच दिसणार आणि ऐन वेळी तुम्ही बुचकळ्यात पडणार. मग फाटे बघा. कुठे वाट धार सोडते, कुठे गावात शिरते, कुठे ओढा ओलांडते, अशा सात-आठ जागा कितव्या किलोमीटरला येतात ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद खिशात ठेवा. काही घड्याळांत हे पॉइंट फाइलमध्येच टाकता येतात, जमलं तर उत्तमच.

तुमच्या भागाचं सांगते. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून उतरून विंझरच्या बाजूला जाणारी लांब धार आहे, आणि राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी तशीच दुसरी. रेसचा नेमका मार्ग आयोजक ठरवतील तोच, पण या धारांवर खरा घोळ होतो तो ढोरवाटांमुळे. डिसेंबरात गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि गुरांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात, कधीकधी जास्तच. त्या मुख्य वाटेला समांतर २०-२५ मीटरवरून जात राहतात आणि मग हळूच एखाद्या नाळेत उतरतात किंवा कारवीच्या दाट झुडपांत गडप होतात. घड्याळाच्या स्क्रीनवर २० मीटर म्हणजे काहीच नाही, दोन्ही वाटा एकाच रेघेखाली येतात, बाण सरळच दाखवत राहतो, आणि रूट सुटल्याचा अलार्म वाजेपर्यंत तुम्ही बरेच खाली उतरून गेलेले असता.

त्यामुळे रेसमध्ये आधी आयोजकांनी वाटेवर बांधलेल्या रिबिनी आणि खुणा, मग पायाखालची वाट, आणि मग घड्याळ, हा क्रम मोडू नका. फाटा आला की पळणं सोडून चालायला लागायचं, रिबीन शोधायची, नाही दिसली तर घड्याळ बघायचं. आणि पाचेक मिनिटं एकही रिबीन दिसली नाही तर घड्याळ बघायचंच, पाय कितीही छान चालत असले तरी. उतारावर तर जास्तच सांभाळा, कारण तिथे नजर दगडांवर असते, वेग आलेला असतो, पाच मिनिटांत माणूस पाऊण किलोमीटर खाली जातो आणि तेवढंच परत चढायला केवढा वेळ जातो ते घसाऱ्यावर चढल्याशिवाय कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चुकलात असं कळलं की मागे फिरायचं, आलो त्याच वाटेने, शेवटची रिबीन जिथे पाहिली तिथपर्यंत. रेघेकडे सरळ घुसायचं नाही. घड्याळ म्हणेल रेघ उजवीकडे ६० मीटरवर आहे, पण ते ६० मीटर आडवे आहेत की उभे हे त्याला सांगता येत नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे, एकावर एक कडे आणि मध्ये मध्ये पदर म्हणजे सपाट पट्टे, त्यामुळे स्क्रीनवर अगदी शेजारी दिसणारी वाट प्रत्यक्षात एका कड्याच्या वर नाहीतर खाली असू शकते. मी रेसमध्ये सगळ्यांच्या मागून, स्वीपर म्हणून चालते तेव्हा हेच बघत आलेय, नुसतं चुकल्यामुळे कुणाला फारसं लागत नाही, लागतं ते चुकल्यावर कारवीतून सरळ रेघेकडे जायला गेलं की. दहा मिनिटं गेली तर जाऊ देत, हे कळकळीने सांगतेय.

घड्याळातल्या सेटिंगचं म्हणाल तर नकाशाचं स्केल १०० मीटरच्या आसपास ठेवा, त्याहून जास्त ठेवलं की फाटे दिसत नाहीत. रूट सुटला की आपोआप नवा रूट काढायची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर घड्याळ तुम्हाला आयोजकांच्या मार्गावर परत आणायच्या ऐवजी भलत्याच गाडीरस्त्याने नेईल. अलार्म व्हायब्रेशनवर ठेवा कारण वाऱ्यात बीप ऐकू येत नाही. टचस्क्रीन लॉक करा, ओल्या बाहीनेसुद्धा स्क्रीन बदलते. बाणाचं एक लक्षात असू द्या, घड्याळाला दिशा कळते ती तुम्ही चालता तेव्हा, एका जागी उभं राहिलात की बाण कुठेही फिरू शकतो. घड्याळात कंपास असेल तर उभ्याउभ्याही दिशा बरोबर येते, पण तो आदल्या दिवशी कॅलिब्रेट केलेला पाहिजे, म्हणजे हात हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा ते. कंपास नसेल तर दहा-पंधरा पावलं चाला आणि मग बघा.

अजून एक. गडावर चढून काही अंतर त्याच वाटेने उतरायचं असेल तर जाताना-येतानाच्या रेघा एकमेकींवर येतात, आणि घड्याळ गोंधळून तुम्हाला एकदम पुढच्या टप्प्यावर नेऊन ठेवतं, उरलेलं अंतर एकाएकी दहा किलोमीटरने कमी दिसतं. अशा रूटचे दोन-तीन तुकडे करून वेगवेगळ्या फाइली टाकल्या की ही कटकट राहत नाही.

आणि पहाटेच्या अंधारात पुढच्याच्या हेडलॅम्पमागे निघू नका. तोही कुणाच्या तरी हेडलॅम्पमागेच चाललेला असतो, अख्खी रांग मिळून चुकते आणि इतकी माणसं बरोबर आहेत म्हटल्यावर घड्याळाकडे कुणी बघतच नाही.

प्रश्न : मी बरोबर वाटेवर असतो, रिबिनीपण दिसत असतात, तरी घड्याळ म्हणतं रूट सोडलास. विशेषतः कड्याखालून जाताना. घड्याळ खराब आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही हो, घड्याळ ठीक आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात आणि सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून घड्याळ अंतर काढतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. कड्याखाली काय होतं, निम्मं आकाश झाकलेलं असतं आणि काही सिग्नल थेट न येता कातळावर आपटून येतात, त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून तुमचा ठिपका बाजूला सरकतो. ज्याने फाइल रेकॉर्ड केली त्याच्याही घड्याळाचं तिथे हेच झालेलं असतं, म्हणजे रेघही सरकलेली आणि तुम्हीही सरकलेले.

ड्युअल फ्रिक्वेन्सी किंवा मल्टी-बँड म्हणून जी घड्याळं येतात त्यांना एल१ आणि एल५ असे दोन्ही सिग्नल घेता येतात आणि आपटून आलेला सिग्नल ओळखणं जास्त चांगलं जमतं, तुमच्यात ती सोय असेल तर डोंगरात वापरा. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या तशाच दुसऱ्या उपग्रह यंत्रणाही चालू ठेवल्या की दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते. रेसच्या सकाळी घड्याळ फोनशी एकदा सिंक करा, म्हणजे कुठला उपग्रह कुठे आहे त्याची ताजी माहिती आत येते, आणि स्टार्टच्या पंधरा मिनिटं आधी मोकळ्या जागी सिग्नल पकडून ठेवा. भिंतीला टेकून, मांडवाखाली उभं राहून पकडू नका. आणि रिबीन दिसतेय ना, मग घड्याळ काहीही म्हणू दे, रिबिनीमागे जा.

प्रश्न : बॅटरी पुरत नाही. कंपनी म्हणते वीस तास, मला मिळतात बारा-तेरा. बॅटरी वाचवायचा मोड लावला तर चालेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नेव्हिगेशन करायचं असेल तर तो मोड नको. त्यात घड्याळ जीपीएस मधूनमधून बंद ठेवतं. समजा मिनिटाला एकदाच जागा घेतली, तर तासाला ८ किलोमीटरच्या वेगाने तुम्ही तेवढ्यात १३० मीटर पुढे गेलेले असता, मधला फाटा कधीच मागे पडला. त्यापेक्षा बाकीचं बंद करा, मनगटावरचा हार्ट रेट, फोनचे नोटिफिकेशन, गाणी, सतत चालू राहणारी स्क्रीन. नकाशाचं पान सतत उघडं ठेवू नका, वेळ-अंतराचं पान ठेवा आणि फाट्यावर नकाशा उघडा. कंपनीने छापलेले तास नव्या घड्याळाचे आणि साध्या मोडचे असतात, मल्टी-बँड आणि नकाशा दोन्ही चालू असलं की ते खूप खाली येतात. लांबची रेस असेल तर छोटी पॉवर बँक ठेवून एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, खातापिता चार्ज करा, पण काही घड्याळं वायर लावली की रेकॉर्डिंगच थांबवतात, तेव्हा हे आधी घरी करून बघा.

प्रश्न : मुंबई मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळाने ४२.६ दाखवलं. आयोजकांनी ४०० मीटर जास्त पळवलं का? चार तासांचं टार्गेट दोन मिनिटांनी हुकलं, फार वाईट वाटलं. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाईट वाटणारच, वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत असते ती. पण कोर्स बरोबर होता. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर अंतर कॅलिब्रेट केलेल्या सायकलने मोजतात, तेही माणूस पळू शकेल अशा सगळ्यात जवळच्या मार्गाने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर धरून, आणि कोर्स चुकून कमी भरू नये म्हणून हजारी एक म्हणजे साधारण ४२ मीटर वर टाकतात. आपण काय तसे पळत नाही, गर्दीतून आडवेतिडवे जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळण बाहेरून घेतो, त्यात उंच इमारतींमधून जाताना घड्याळ स्वतःची भर घालतं.

तुमचं गणित इथे चुकलं असणार बघा. चार तासांसाठी किलोमीटरला ५:४१ लागतात, पण ते खऱ्या ४२.१९५ वर. घड्याळ ४२.६ मोजणार असेल तर घड्याळात ५:३८ दिसायला हवेत. तुम्ही घड्याळाच्या ५:४१ वर गेलात आणि ४:०२ लागले. पुढच्या वेळी ऑटो लॅप (दर किलोमीटरला घड्याळ आपोआप नोंद करतं ते) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या बोर्डापाशी स्वतः बटण दाबा, पाचव्या-सहाव्या किलोमीटरलाच कळेल घड्याळ किती पुढे पळतंय ते.

प्रश्न : घड्याळ उंचीपण दाखवतं, वाट शोधायला तिचा काही उपयोग होतो का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खूप होतो, आणि फार कमी लोक करतात. दाट धुक्यात किंवा झाडीत ठिपका इकडेतिकडे नाचत असताना उंची सांगते की तुम्ही वरच्या पदरात आहात की खालच्या. फक्त घड्याळात हवेच्या दाबावरची उंची हवी, नुसत्या जीपीएसची उंची बरीच हलते. ८ मीटर वर गेलं की दाब साधारण १ हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यावरून हे गणित चालतं. पण दाब दिवसभरात आपोआपही बदलतो, आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी, त्यामुळे दुपारपर्यंत घड्याळ २०-२५ मीटर उंची जास्त सांगायला लागतं. माहीत असलेल्या जागी दुरुस्त करून घ्या, तोरण्याचा माथा १,४०३ मीटर आहे. आणि सेन्सरच्या बारीक भोकात घाम-चिखल बसला की आकडे काहीच्या काही येतात, तेव्हा घड्याळ पाण्याने धूत जा.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा या डोंगरातल्या रेस पळतो. रात्र रात्र बाहेर असतो. तो म्हणतो आई, घड्याळात जीपीएस आहे, काळजी करू नकोस. मग तो कुठे आहे ते मला घरबसल्या दिसेल ना? (एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून थांबलेच, कारण हा गैरसमज पळणाऱ्यांच्याही मनात असतो. साधं जीपीएस घड्याळ उपग्रहाकडून फक्त सिग्नल घेतं, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. म्हणजे त्याला स्वतःला कळतं की आपण कुठे आहोत, तुम्हाला नाही. तुम्हाला लाइव्ह ठिपका दिसायला त्याच्या खिशात फोन हवा आणि फोनला रेंज हवी, आणि दऱ्यांमध्ये रेंज नसते. तेव्हा ठिपका दोन तास एका जागी थांबला तर घाबरू नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ शेवटची रेंज तिथे मिळाली एवढाच असतो.

मुलाकडून तीन गोष्टी घेऊन ठेवा, त्याचा बिब नंबर (छातीवर लावतात तो), आयोजकांच्या कंट्रोल रूमचा फोन आणि प्रत्येक एड स्टेशनला तो साधारण किती वाजता पोचेल ते. चांगल्या रेसमध्ये प्रत्येक ठिकाणी नंबर लिहून घेतात, ती नोंद त्या ठिपक्यापेक्षा खात्रीची. आणि त्याला सांगा, घड्याळ असलं तरी फोन पूर्ण चार्ज करून न्यायचा, शिट्टी न्यायची, ११२ नंबर लक्षात ठेवायचा.

प्रश्न : न्यू जर्सीहून जानेवारीत घरी येतोय, सोबत सह्याद्रीतली एक अल्ट्राही करणार आहे. इथे ट्रेलवर मी जीपीएस घड्याळ आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं इनरीच दोन्ही नेतो. तिथे चालेल? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : घड्याळ बिनधास्त आणा. इनरीच तिकडेच ठेवून या. उपग्रहावरून बोलणारी किंवा मेसेज पाठवणारी साधनं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, नुसती जवळ बाळगली तरी विमानतळावर अडवतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका ट्रेल रनर बाईंच्या बाबतीत इनरीचमुळे हेच झालं होतं. अलीकडे काही घड्याळांतच उपग्रहावरून मेसेजची सोय यायला लागलीये, तुमचं तसलं असेल तर निघण्याआधी नियम नीट तपासा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, माझ्याकडे साधं डिजिटल घड्याळ आहे, जीपीएसवालं परवडत नाही. ट्रेल रेस करू का नको? (विद्यार्थी, सातारा)

उत्तर : कर ना! अमेरिकेत टेनेसीमध्ये बार्कली मॅरेथॉन्स म्हणून जगातली एक महाकठीण रेस होते, तिथे जीपीएस वापरायला बंदीच आहे, कागदी नकाशा आणि कंपास घेऊन ६० तासांत पाच फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. २०१७ साली गॅरी रॉबिन्स शेवटच्या फेरीत धुक्यात वाट चुकला, चुकीच्या दिशेने शेवटच्या गेटवर आला आणि तेही ६० तास उलटून ६ सेकंदांनी. २०२४ मध्ये जास्मिन पॅरिसने ती ५९ तास ५८ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली, पूर्ण करणारी पहिली बाई. दोघांच्याही हातात जीपीएस नव्हतं. उलट इंग्लंडच्या स्पाइन रेसमध्ये जीपीएस सक्तीचं आहे, पण त्याच्याबरोबर नकाशा आणि कंपासही सक्तीचेच.

तू आधी नियमावली वाच, जीपीएस सक्तीचं असेल तर ती रेस या वर्षी सोड. नसेल तर पहिली रेस छोटी घे, ११-१२ किलोमीटरची, दिवसाउजेडी संपणारी, चांगल्या रिबिनी लावणारी. तुझ्याकडे फोन असेलच, त्यालाही जीपीएस असतं आणि त्याला रेंज लागत नाही, फक्त नकाशा आणि आयोजकांची फाइल घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेव, रेसमध्ये फोन एअरप्लेन मोडवर टाक म्हणजे बॅटरी दिवसभर जाते. लोकेशन चालू राहतंय ना ते आधी अजिंक्यताऱ्यावर एक चक्कर मारून तपास. फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात पुढच्या बाजूला ठेव, मागे सॅकमध्ये टाकलास तर फाट्यावर काढायचा कंटाळा येतो.